दोर-काठ्या चढवून झालेली गुराब बैठकीला कशी जोडली

कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या एका वाचनालयाला मराठा आरमारातल्या गुराबेचं, म्हणजे एका मोठ्या लढाऊ जहाजाचं, लाकडी मॉडेल भेट मिळालं. देणारे गृहस्थ निवृत्त चित्रकला शिक्षक. पेठेत सगळे त्यांना सर म्हणतात, मीही म्हणतो. निवृत्तीनंतरची कितीतरी वर्षं घालून त्यांनी ते स्वतःच्या हातांनी केलेलं. पुढे झेपावणाऱ्या नाळेच्या टोकापासून जहाजाच्या मागच्या टोकापर्यंत लांबी ६२ सेंटिमीटर, रुंदी १४, मधल्या डोलकाठीच्या शेंड्यापर्यंत उंची ५५, वजन १.४ किलो. तीन डोलकाठ्या, परबाणी (शिडांचे आडवे वासे), सगळे दोर जागच्या जागी, शिशाच्या ओतीव तोफा. काम पूर्ण होतं. हे जहाज कशावर आणि कशाच्या आधारानं उभं राहणार, एवढं मात्र ठरलेलं नव्हतं.

तोवर ते दोन लाकडी घोड्यांवर टेकवलेलं असायचं. घोड्यांच्या खाचांना आतून फेल्ट लावलेलं, जहाज त्यात नुसतं बसलेलं. घरातल्या कपाटावर ते चाललं. वाचनालयात नेताना टेम्पो एका गतिरोधकावरून उडाला, जहाज घोड्यांवरून सरकलं आणि खोक्याच्या भिंतीवर आदळलं. नाळेचं टोक मोडलं, पुढच्या डोलकाठीचे उजवीकडचे दोन दोर तुटले. नशीब एवढंच की काठी वाचली. दुरुस्ती सरांनीच केली. मग मला बोलावलं, कारण मॉडेलं बसवणं आणि त्यांच्या पेट्या करणं हे माझं काम.

गुराबच का, याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण अनेकांना कोल्हापूर आणि समुद्र यांचं नातं ठाऊक नसतं. शिवछत्रपतींनी १६६४ मध्ये मालवणजवळच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचं बांधकाम सुरू केलं. पुढे गादीच्या वाटण्या झाल्यावर मालवण आणि सिंधुदुर्ग कोल्हापूरच्या छत्रपतींकडे राहिले. १७६५ मध्ये इंग्रजांनी किल्ला घेऊन त्याला फोर्ट ऑगस्टस असं नाव दिलं, वर्षभरात परत केला, आणि अखेर १८१२ च्या तहात मालवण कायमचं गेलं. म्हणजे शंभर वर्षांच्या आसपास या डोंगराआडच्या राज्याला स्वतःचा किनारा होता, स्वतःचं आरमार होतं. गुराब हे त्या काळच्या लढाऊ जहाजांतलं मोठं जहाज. अठराव्या शतकातल्या इंग्रज वर्णनांप्रमाणे दोन काठ्यांची गुराब दीडशे टनांपर्यंत आणि तीन काठ्यांची तीनशे टनांपर्यंत असे. लांबीच्या मानानं रुंदी भरपूर, पाण्यात बूड कमी, आणि पुढे बाहेर झेपावणारी लांब नाळ. ती नाळच मॉडेलमध्ये सर्वांत नाजूक. वाचनालयाच्या मंडळींना ती पेठेतल्या मुलांनी जवळून पाहावी असं वाटत होतं, आणि मला त्यांचं म्हणणं मनापासून पटलं.

नेमकी अडचण

घोडी जहाजाला आधार देते, धरून ठेवत नाही. जहाजाला जागेवर ठेवतं ते फक्त त्याचं वजन. घोडीच्या दोन टोकांमधलं अंतर होतं १० सेंटिमीटर, म्हणजे मध्यापासून ५. १.४ किलोचं जहाज ५ सेंटिमीटरच्या आधारावरून कलंडायला ५५ सेंटिमीटर उंचीवर किती जोर लागेल? हिशोब साधा आहे: सुमारे १३० ग्रॅम. शेंड्याला धूळ झटकायचं फडकं अडकलं तरी तेवढा जोर पडतो. वाचनालयाची जागा रस्त्याकडेच्या भिंतीलगत, खालून अवजड गाड्या जातात, दिवसभर बारीक थरथर असते. तशा थरथरीनं नुसतं टेकवलेलं जहाज हळूहळू फिरतं आणि पुढे सरकतं.

सरांची पहिली सूचना होती की घोड्या मोठ्या कराव्यात आणि जहाज त्यांना अराल्डाइटनं चिकटवून टाकावं. मी नको म्हटलं. बुडाला वॉर्निशचे थर आहेत. गोंद लाकडाला धरत नाही, वॉर्निशला धरतो, आणि वॉर्निश सुटलं की गोंद खपलीसकट बाहेर येतो, सोबत फळीचा रंगही. शिवाय उद्या एखादा दोर बदलायला जहाज खाली काढायचं झालं तर ते कापूनच काढावं लागेल.

दुसरा सोपा मार्ग म्हणजे बैठकीच्या खालून दोन लाकडी स्क्रू थेट पठाणात मारायचे. पठाण म्हणजे जहाजाच्या तळाचा कणा. हे बाजारातल्या बऱ्याच मॉडेलांत केलेलं दिसतं. पण सरांच्या जहाजात पठाण होतं ८ मिलिमीटर रुंदीचं सागवानी, आणि त्याच्या वर सांगाड्याचा मधला पाट ६ मिलिमीटर प्लायचा, उभा धरलेला. प्लायच्या कडेत स्क्रू घातला की तो थरांच्या मध्ये शिरतो आणि थर पुस्तकासारखे उघडतो. त्याच जाडीच्या प्लायच्या उरलेल्या तुकड्यावर मी हे सरांसमोर करून दाखवलं. चीर पाहून ते बराच वेळ बोलले नाहीत.

म्हणाले, "म्हणजे भोकच नको ना?"

"भोक हवंच आहे सर. पण कुठं आणि कसं, ते आधी ठरवू."

जहाजाचा भार आणि झटका यायला हवा तो कण्यावर, आणि कण्यातही जिथं बरगडी त्याला छेदून जाते तिथं. तिथं प्लायच्या दोन्ही बाजूंना बरगडीचा आधार असतो, शिवाय बुडाची पहिली फळी दोन्हीकडून डकवलेली असते. थर उघडायला जागाच उरत नाही. दोन बरगड्यांच्या मधल्या पोकळ भागात भोक पाडलं तर तोच प्लाय एकटा पडतो. माझ्या मते या कामात सर्वांत महत्त्वाचा निर्णय हा एवढाच, बाकीची सगळी हातोटी त्याच्या मागून येते.

बरगड्या शोधणं

फळ्या बसून, रंग होऊन गेलेल्या जहाजात बरगड्या दिसत नाहीत. सुदैवानं सरांकडे मूळ मापाचं रेखाचित्र जपून ठेवलेलं होतं. पण बांधताना एखादी बरगडी इकडंतिकडं सरकते, म्हणून नुसत्या चित्रावर भरवसा ठेवला नाही. सरांनी प्रत्येक फळी प्रत्येक बरगडीला बारीक पितळी खिळ्यानं ठोकली होती, त्यामुळे खिळ्यांच्या उभ्या रांगा म्हणजेच बरगड्यांच्या जागा. तेलरंगाच्या थराखाली त्या रांगा पुसट होत्या, तरी टॉर्च बाजूनं तिरका धरला की उठून दिसायच्या. चित्र आणि रांगा यांत फार तर अर्ध्या मिलिमीटरचा फरक निघाला. सरांच्या हाताला याहून मोठा दाखला दुसरा कुठला हवा!

पुढून दुसरी आणि मागून तिसरी अशा दोन बरगड्या निवडल्या. दोघींमधलं अंतर २४० मिलिमीटर. पठाणाच्या लांबीच्या साधारण पाव आणि पाऊण भागावर आधार आला की दोन्ही टोकं सारखी तोलली जातात. इथं पुढचा आधार थोडा अजून पुढे घेतला, कारण लांब नाळेचं वजन त्या बाजूला आहे.

जहाज उलटं न करता

नेहमीची रीत अशी की जहाज उलटं करून वरून भोक पाडायचं. कोरं बूड असेल तर तीच उत्तम. इथं तीन डोलकाठ्या आणि दोरांचं जाळं असल्यामुळे ते शक्य नव्हतं. मधे फट ठेवून दोन टेबलांवर उलटं टेकवता येतं, काठ्या फटीतून खाली लोंबतात, पण तेव्हा सगळं वजन वरच्या कठड्यावर येतं आणि सरांचे कठडे दीड मिलिमीटरच्या पट्ट्यांचे होते. म्हणून जहाज सुलटंच ठेवायचं आणि खालून वर भोक पाडायचं ठरलं. यात एक फायदाही आहे: भुसा आत साठत नाही, खाली पडतो.

अडचण सरळपणाची. ८ मिलिमीटरच्या पठाणात ३ मिलिमीटरचा आटेदार रॉड घालायचा (तोच खाली पितळी खांबातून आणि बैठकीतून जाऊन नटानं धरला जाणार) तर दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मिलिमीटर लाकूड उरतं, वरच्या प्लायमध्ये फक्त दीड. खालून वर, मान वाकडी करून, नुसत्या अंदाजानं ते साधणारं नाही. त्यासाठी शिसवीचा एक ठोकळा केला. त्याच्या वरच्या अंगाला ८ मिलिमीटरची खाच, जी पठाणावर खालून घट्ट चढते. खाचेच्या बरोबर मध्यावर पोलादी बुश, म्हणजे बिटाला वाट दाखवणारी नळी, आतून २.५ मिलिमीटर. बिट त्या बुशमधून वर गेलं की ते मधोमध आणि सरळच जाणार.

हा बुश आणि पितळी खांब उद्यमनगरातून करून घेतले. कोल्हापुरात राहण्याचं हे मोठं सुख आहे. पंप, इंजिनांचे भाग, ओतकाम हे इथले रोजचे धंदे, त्यामुळे एखादा टर्नर तुमचं बोटभर काम मोठ्या कामाइतक्याच नेटानं करून देतो. मी गेलो त्या लेथवरचे मामा सुरुवातीलाच म्हणाले, "मालक, तोंडी माप नको. खाच किती, भोक किती, कागदावर काढून आना. पितळ येकदा कापलं की परत जोडता येत न्हाई." कागद पाहून त्यांनीच विचारलं की दोन खांब लहानमोठे का?

त्याचं कारण असं. जहाजाचा मागचा भाग पुढच्यापेक्षा पाण्यात खोल बसतो, त्यामुळे पठाण जलरेषेला, म्हणजे बुडावर पाणी जिथवर येतं त्या रेषेला, समांतर नसतं. दोन्ही खांब सारखे केले तर पठाण आडवं राहतं आणि जलरेषा पुढे झुकते. जहाज नाळ खुपसून बुडायला निघाल्यासारखं दिसतं, आणि पाहणाऱ्याला काय खटकतंय ते सांगताही येत नाही. सरांनी रंगवलेल्या जलरेषेवरून मोजलं तर २४० मिलिमीटरमध्ये ४ मिलिमीटरचा फरक होता. म्हणून मागचा खांब ३५ मिलिमीटर, पुढचा ३९. दोन्हींच्या माथ्यावर पठाण बसायला ६ मिलिमीटर खोल खाच, आणि खाचेचा तळ सुमारे एक अंश तिरका. शिसवी ठोकळ्याच्या खाचेलाही तोच एक अंश दिला, म्हणजे रॉड पठाणाला नव्हे तर बैठकीला काटकोनात येतील.

भोक पाडायच्या दिवशी सर जहाजाच्या शेजारी उभे राहिले. "अरे, माणसाला उभं करायला टाचेत खिळा ठोकतोस का?" असं त्यांनी शेवटचं विचारून घेतलं. मग स्वतःच दोन्ही हातांनी बूड धरलं.

जहाज त्याच्या जुन्या घोड्यांवर, घोड्या उंच चौकटीवर, चौकटीच्या मधे हात घालायला मोकळी जागा. बुडाभोवती रुंद कापडी पट्टे बांधून ते चौकटीला धरलं. यंत्राचं ड्रिल वापरलं नाही, पिन वाइसनं, म्हणजे बारीक बिट धरणाऱ्या दांडीनं, हातानंच फिरवलं. आधी दीड मिलिमीटर, मग अडीच. बिटावर ४० मिलिमीटरला चिकटपट्टी लावलेली, त्यापुढे जायचं नाही. त्यातले पहिले १२ मिलिमीटर पठाणाचे, उरलेले २८ मधल्या पाटाचे. भुशाचा रंग तपकिरी होता तो पिवळट झाला की सागवान संपून प्लाय लागला हे कळतं. मग ३ मिलिमीटरच्या टॅपनं आत आटे पाडले, पातळ सुपर ग्लूचे थेंब सुईनं आत सोडून ते कडक होऊ दिले, आणि टॅप पुन्हा एकदा फिरवून घेतला. सागवानात असे आटे चांगले धरतात.

रॉड पितळी, एका बाजूनं कानशीनं घासून उभी बारीक चर काढलेली. बंद भोकात अराल्डाइट लावून रॉड फिरवत नेला की आत अडकलेली हवा त्याला मागे ढकलते, चरीतून ती निघून जाते. अराल्डाइट सावकाश घट्ट होणारं घेतलं, पाच मिनिटांचं नाही. पठाणाला आधीच चिकटपट्टी लावलेली होती, बाहेर आलेला ओघळ तिच्याबरोबर निघाला. एक पूर्ण दिवस जहाजाला कुणी हात लावला नाही.

बैठक आणि पेटी

वाचनालयाला एमडीएफची (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीची) सनमायका लावलेली बैठक स्वस्तात मिळत होती. दोन कारणांनी मी विरोध केला. कोल्हापूरचा पावसाळा हे एक. एमडीएफ ओल धरून फुगतं आणि मग त्यातला स्क्रू सैल होतो. दुसरं कारण तोफांचं. एमडीएफमधून आम्लाची वाफ हळूहळू सुटत राहते, बंद पेटीत ती साठते, आणि शिशावर पांढरी भुकटी धरायला लागते. ती फक्त वरची घाण नसते, शिसंच झिजत असतं. शिशाच्या जुन्या मॉडेल तोफा अशाच नासतात. त्याच कारणासाठी पेटीच्या सांध्यांना व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉनही वापरू नये, बिनआम्लाचं मिळतं ते घ्यावं.

टिंबर मार्केटमधून मुरलेलं सागवान आणलं. ७४ बाय ३८ सेंटिमीटर, २५ मिलिमीटर जाड, तीन फळ्या जोडून. इतक्या रुंद सागवानी फळीची रुंदी चैत्र आणि श्रावण यांत दोन-तीन मिलिमीटर सहज बदलते, लांबी जवळजवळ नाही. म्हणून खालच्या आडव्या पट्ट्यांचे स्क्रू लांबट भोकांत बसवले, फळी हलली तरी चिरणार नाही. दोन्ही खांब मधल्या फळीच्या मध्यरेषेवर आणि लांबीच्या दिशेत येतात, त्यामुळे बैठकीची हालचाल जहाजापर्यंत पोचत नाही.

बैठकीवरच्या भोकांच्या जागा टेपनं मोजल्या नाहीत. रॉडांच्या टोकांना शाई लावून जहाज जाड कागदावर अलगद टेकवलं, उमटलेले ठिपके बैठकीवर उतरवले. मागचं भोक गोल, ३.२ मिलिमीटर. पुढचं तेवढ्याच रुंदीचं पण लांबीत ६ मिलिमीटर, म्हणजे उरलासुरला फरक त्यात सामावतो. खालून १२ मिलिमीटर व्यासाचा, १० मिलिमीटर खोल खड्डा, त्यात वॉशर आणि नायलॉकचा, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेला, नट. मागच्या रॉडची एकूण लांबी ९२ मिलिमीटर, पुढच्याची ९६.

नट किती आवळायचा यावर सांगायला हवं, कारण बहुतेक नुकसान इथं होतं. रॉड खालून ओढला जातो आणि पठाण खांबावर दाबलं जातं. जोर लावला तर आटे लाकडातून उपटून येतील. नायलॉकचा नट थरथरीनं सुटत नाही, त्यामुळे त्याला आवळून धरण्याची गरजच नाही. वॉशर टेकला की त्यापुढे पाव फेरा, बस्स.

जोडून झाल्यावर बैठक एका बाजूनं उचलत ४५ अंशांपर्यंत कलती केली. पठाण खाचेत तसूभर हललं नाही. आता बैठकीसह सगळ्याचं वजन सहा किलोच्या आसपास, आधार मध्यापासून १९ सेंटिमीटर. शेंड्याला जोर लावून सगळं कलंडायचं तर पावणेदोन किलोच्या वर लागेल, आणि त्याच्या कितीतरी आधी डोलकाठीच मोडेल. म्हणून हलवताना काठीला हात लावायचा नाही, बैठक दोन माणसांनी धरायची, आणि टेम्पोत नेताना बुडाच्या दोन्ही बगलांना फोम लावलेले सुटे टेकू द्यायचे. ते टेकू पेटीच्या खालच्या खणात ठेवले आहेत.

पेटी ४ मिलिमीटर ॲक्रिलिकची. उन्हाळा-हिवाळ्याच्या २० अंशांच्या फरकात ७४ सेंटिमीटरची ॲक्रिलिकची कड मिलिमीटरभर लांब-आखूड होते, म्हणून बैठकीवरची खाच तेवढी सैल ठेवली. हवेसाठी बैठकीत खालून चार भोकं, त्यांना बारीक जाळी. पूर्ण हवाबंद पेटी मी कधीच करत नाही.

पावसाळ्यात सुती दोर ताणले गेले आणि ऑक्टोबरच्या उन्हात पुन्हा सैलावले, हे अपेक्षितच होतं. बैठक रुंदीला फुगली, पट्ट्यांच्या लांबट भोकांत स्क्रू सरकल्याच्या खुणा दिसल्या. नट जागचे हलले नव्हते. जलरेषा बैठकीला समांतर होती, दोन्ही टोकांना मोजून पाहिलं. बैठकीच्या खालच्या बाजूला एक कागद लॅमिनेट करून लावला आहे: रॉडांच्या जागा, लांब्या, नटाला ५.५ चा पाना, आधी पुढचा नट सोडायचा आणि मग मागचा. उद्या आमच्यापैकी कुणीही नसलं तरी जहाज न मोडता उतरवता येईल.

सरांनी आता गलबताचं मॉडेल घेतलं आहे. गलबत गुराबेपेक्षा लहान, सत्तर टनांच्या आतलं, वल्ह्यांवरही चालणारं. या वेळी फळ्या लावायच्या आधीच मधल्या पाटाच्या दोन्ही अंगांना शिसवी ठोकळे चिकटवून, त्यांत ३ मिलिमीटरचे नट पुरून झाले आहेत. नटांत तेल लावलेले स्क्रू घालून ठेवले आहेत, म्हणजे गोंद आट्यांत शिरणार नाही, आणि त्याच स्क्रूंनी सांगाडा कामाच्या फळीला धरून सर दोन्ही हात मोकळे ठेवून फळ्या वाकवतात.